कच्च्या टाक्यावर बसवलेला फेंडर

नंदनवनात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकानाला लागून जो बोळ आहे, त्यात मामंजींची लाल मारुती आठशे उभी असते. 1998 ची गाडी, एमएच-31 ची. मामंजी होते तोवर दर रविवारी तिला आंघोळ घालायचे. ते गेल्यावर तिच्यावर फक्त कडुनिंबाचा पाला पडायचा.

2023 मध्ये नोंदणीची मुदत संपत आली. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. आमची 2013 ला वाढली, 2018 ला वाढली, आता तिसरी खेप. 2022 च्या एप्रिलपासून या कामाची फी 600 ची 5000 झाली होती. एवढे पैसे भरायचे आणि तपासणीला चाकामागे बोट जाईल एवढं भोक घेऊन उभं राहायचं, हे काही मला पटेना. कंडक्टर साइडचा पुढचा फेंडर, म्हणजे चाकावरचा कमानीचा पत्रा, बदलायचा असं ठरवलं, आणि मीच बदलला. त्यानंतर आमच्या लाइनीतल्या दोन जुन्या गाड्यांचेही बदलून दिले. तीन फेंडरांत जे समजलं ते सांगते. शिवणकाम येत असेल तर यातलं अर्धं तुम्हाला आधीच येतं.

पहिलं काम म्हणजे गाडीवर पत्रा किती आणि पुट्टी किती हे पाहणं. माझ्याकडे जमिनीवर सांडलेल्या टाचण्या उचलायचा लोहचुंबक असतो. तो पातळ सुती कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा येत नाही, आणि गाडीवरून हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे तो खेचला जातो, पुट्टीचा थर असेल तिथे हात एकदम हलका पडतो. आमच्या फेंडरवर चाकाच्या कमानीपाशी चुंबक सरळ खाली पडला. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ‘फेंडरचं काम’ म्हणून पैसे घेतले होते. ते काम म्हणजे गंजलेल्या भोकात चिंधी कोंबून वरून पुट्टी! फाटक्या कोपराला आतून अस्तर न लावता वरून रफू करावं तसं. चिंधी खरंच निघाली, निळ्या पट्ट्यांची, कोणाच्या तरी लुंगीची.

आता कोणता भाग घरी निघतो आणि कोणता नाही. पुढचे दोन फेंडर, बोनेट, दारं, डिकीचं झाकण, बंपर, हे सगळं बोल्टवर असतं. पाना फिरवला की निघतं. मागच्या दारामागून डिकीपर्यंत जाणारा मागचा पत्रा, छत आणि दारांखालची सिल ही मात्र वेल्ड केलेली असते. गाडीची ताकद तिच्यात आहे, आणि मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आहे. तिथे ग्राइंडर आणि वेल्डिंग हे बोळात करायचं काम नाही. सिलमध्ये पेचकस टोचला आणि तो आत गेला, तर फेंडरचा विचार सोडा, आधी चांगल्या डेंटरला गाडी दाखवा. फेंडरचा खालचा बोल्ट त्याच सिलच्या टोकाला धरलेला असतो. धरायला जागाच नसेल तर नवा फेंडर कशाला टांगणार?

फेंडर मिळणं सोपं आहे. मारुतीनं आठशे बनवणं जानेवारी 2014 मध्ये बंद केलं, पण 1983 पासून इतक्या गाड्या रस्त्यावर आल्या की भंगारात माल कमी नाही. दुकानात मागताना ‘डावा-उजवा’ म्हणू नका. समोरून पाहणाऱ्याचा डावा वेगळा आणि बसणाऱ्याचा वेगळा, त्यात घोळ होतो. ‘ड्रायव्हर साइड’ किंवा ‘कंडक्टर साइड’ म्हणा. गाडीचं वर्षही सांगा, कारण आठशेचा चेहरा मधे बदलला आहे आणि हेडलाइटपाशी फेंडरचा कट वेगळा येतो. शक्य असेल तर जुन्या फेंडरचा, हेडलाइटकडून आणि बोनेटकडून, मोबाइलमध्ये फोटो घेऊन जा. मी कागदाचा कटिंग नमुना घेऊन गेले होते. दुकानदार हसला, पण नमुना लावल्यावर त्यानंच पहिले दोन फेंडर बाजूला ठेवले.

नवा डुप्लिकेट घ्यावा की भंगारातला अस्सल? मी अस्सलच्या बाजूची. डुप्लिकेटचा पत्रा पुष्कळदा पातळ असतो, आणि बोल्टची भोकं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. फेंडरला दोन मिलिमीटर म्हणजे ब्लाउजला अर्धा इंच. पण भंगारातला घेताना तीन जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकाच्या कमानीची आत वळलेली कड, मागचा खालचा कोपरा आणि हेडलाइटभोवतीचा भाग. कमानीच्या कडेवरून बोटं आतून फिरवा (हातमोजे घालून, पत्र्याची कड पात्यासारखी कापते). पापड मोडल्यासारखं खरखरीत लागलं तर ठेवून द्या. चुंबक इथेही फिरवा. मला मिळाला तो पांढऱ्या गाडीचा होता, कमान शाबूत, मधे एक उथळ खड्डा. उथळ खड्डा डेंटर दहा मिनिटांत काढतो. गंज कोणीच काढत नाही.

ऋतूचं सांगते, कारण नागपुरात ते सांगावंच लागतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की उन्हातल्या बोनेटला हात लावणं म्हणजे तव्याला हात लावणं. त्यात एक फायदाही आहे, फेंडरखालचं डांबरासारखं सीलर मऊ पडतं आणि पत्रा अलगद सुटतो. पण रंग त्या दिवसांत मारू नका. थिनर पत्र्यावर पोचायच्या आधीच उडतो, रंग खरबरीत बसतो, नाहीतर वरचा थर चटकन वाळून खालचा थिनर बुडबुडे काढतो. पावसाळ्यात उलटं, हवेतला दमटपणा रंगात शिरतो आणि चकाकीवर दुधासारखी पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस चांगले. आम्ही काढायचं काम एका शनिवारी सकाळी सहाला सुरू केलं, आठपर्यंत फेंडर हातात होता. म्हणजे तसा असायला हवा होता. प्रत्यक्षात अकरा वाजले, ते पुढे सांगते.

हत्यारं फार लागत नाहीत. दहाची गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारी) आणि रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, दहाचा आणि बाराचा रिंग पाना, चार धारांचा चांगला पेचकस (डोकं झिजलेला नको, तो स्क्रूचंच डोकं खातो), जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), पुट्टीची पातळ पात, मास्किंग टेप, डोळ्यांवर चश्मा. गाडी जॅकवर सोडून आत हात घालू नका, घोडी लावाच. विटा मागच्या चाकांना अडवायला चालतील, गाडीखाली टेकू म्हणून कधीच नाही. वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही डबीपेक्षा कामाची. साडीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या. त्यावर फेंडरची आडवी आकृती काढा, अगदी ओबडधोबड चालेल. गाडीतून जो बोल्ट निघेल तो आकृतीत त्याच जागी भोक पाडून खोचायचा, वॉशरसकट. पुठ्ठ्याकडे पाहिलं की कोणत्या जागेचा बोल्ट अजून निघायचा आहे ते दिसतं, आणि परत लावताना कोणता लांब, कोणता आखूड याचा विचारच करावा लागत नाही. सगळे बोल्ट एका वाटीत टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. तीच माणसं हुक आणि बटणं एकाच डबीत ठेवतात.

दोन रात्री आधी बोल्टांना तेल पाजा. गंज सोडवणारा स्प्रे असेल तर उत्तम, नसेल तर थोडं डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. आधी तारेच्या ब्रशनं बोल्टभोवतीची माती झाडा, नाहीतर तेल माती पिते, बोल्ट कोरडाच राहतो. रात्री पाजा, सकाळी पुन्हा पाजा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं हलके दोन ठोके द्या. ठोक्यानं गंजाची पकड तडकते आणि तेलाला वाट मिळते.

आता काढणं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, कारण लाइट आणि इंडिकेटरच्या वायरी हातात येणार आहेत. जे अंगाला लागून आहे त्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा: दाराची पुढची कड, बोनेटची कड, काचेखालचा भाग. मग बंपर. त्याची टोकं फेंडरला धरून असतात, म्हणून तो पूर्ण नाही तर निदान त्या बाजूनं सैल करावाच लागतो. मग जाळी, इंडिकेटर, हेडलाइट. हेडलाइट काढताना त्याचे फोकस लावायचे लांब स्क्रू आणि धरायचे स्क्रू वेगळे ओळखा. फोकसचे फिरवले तर नंतर रात्री झाडावरचे कावळे दिसतील, रस्ता नाही. प्लास्टिकच्या खुंट्या ओढू नका, पातीनं मागून उचला. पंचवीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. वायरींचे सॉकेट सोडताना वायरीला नाही, सॉकेटला धरून ओढायचं, आणि टेपवर नाव लिहून चिकटवायचं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे सैल करा, मग जॅक, घोडी, आणि चाक काढा. आत प्लास्टिकचं लायनर असेल तर तेही निघेल.

बोल्ट साधारण चार ठिकाणी असतात. बोनेट उघडलं की वरच्या कडेला एक रांग दिसते, ती सोपी. पुढे हेडलाइट आणि बंपरच्या आड एखाद-दोन. खाली, चाकाच्या मागे, सिलच्या टोकाला एक, तो सगळ्यात जास्त गंजलेला. आणि एक लपलेला, दार पूर्ण उघडल्यावर बिजागरीच्या वर दाराच्या फटीत दिसणारा. हा शेवटचा न काढता लोक फेंडर ओढतात, आणि मग वरचा कोपरा वाकतो. फेंडर कुठेही अडला तर जोर लावायचा नाही. अडला म्हणजे कुठेतरी बोल्ट राहिला आहे.

गंजलेला बोल्ट सोडायची रीत अशी, की आधी किंचित घट्ट करायचा. एक केसभर. टक् असा आवाज आला म्हणजे गंज सुटला. मग अर्धा आटा उलटा, पाव आटा परत, पुन्हा अर्धा. असं झोके देत काढायचा. मी वरची सगळी रांग अशी काढली, फुशारकी आली, आणि खालचा बोल्ट घाईनं एका दमात फिरवला. तो फिरला, छान मऊ फिरला, आणि मी म्हटलं, वा. मग डोकं गोटीत राहिलं आणि दांडा आत.

आमचे तीन तास तिथेच गेले. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा. तुटलेल्या दांड्याचं तोंड कानशीनं सपाट करा, सेंटर पंचनं बरोबर मधोमध खूण पाडा, आणि तीन मिलिमीटरच्या ड्रिलनं सुरुवात करा. हे बोल्ट सहा मिलिमीटरचे, एक मिलिमीटर आट्याचे असतात. शेवटचं ड्रिल पाच मिलिमीटरचं, मग सहाचा टॅप तेल लावून, अर्धा पुढे पाव मागे. ड्रिल मधोमध न जाता बाजूला गेलं तर टॅप मारू नका, डेंटरकडून नवा नट आतून वेल्ड करून घ्या. आणि मधेच आतला नटच गरगर फिरायला लागला तर त्याला पक्कडीनं धरायची जागा शोधा. नसेल तर बोल्टचं डोकं कापा, काही पर्याय नाही. शेजारचा मुलगा, जो इंजिनिअरिंगला आहे, तोवर तर्री पोहे खाऊन परत आला होता. त्यानं विचारलं, ‘काकू, तुटला का?’ मी उत्तर दिलं नाही.

बोल्ट निघाले तरी फेंडर लगेच सुटत नाही, खाली सीलर असतं. थंडीत हेअर ड्रायरनं गरम करा आणि पुट्टीची पात सरकवत न्या. पेचकस घालून उचकटू नका, खालच्या पत्र्याची कड वळते. शेवटी दोघांनी दोन टोकं धरून वर आणि बाहेर.

फेंडर निघाला आणि आत जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. खालच्या कोपऱ्यात, सिलच्या टोकाशी, काळ्या मातीचा घट्ट गोळा बसला होता. तशीच्या तशी ओलसर माती, वरून चार महिने पाऊस नाही तरी. त्यात कडुनिंबाच्या काड्या, एक ब्लेड, आणि पांढऱ्या मुळ्या सुटलेलं कसलं तरी रोप. आमच्या काट्यावर तोलली, दीड किलो भरली. गंज बाहेरून लागला असं आपण म्हणतो, तो खरं तर इथून आतून बाहेर येतो. माती चाकावरून उडते, या कोपऱ्यात साठते, पाणी धरून ठेवते. दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याच्या पाइपनं हा कोपरा आतून धुतला असता तर मामंजींचा फेंडर आज असता. तुमच्या चांगल्या बाजूचा कोपरा आजच धुवा.

उघडलेल्या जागेवर गंजाचे पोपडे तारेच्या ब्रशनं काढा, पॉलिश पेपरनं घासा, थिनरच्या फडक्यानं पुसा. जिथे नुसता तांबूस डाग उरतो तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडला की काम झालं. वरून प्रायमर. घरच्या खिडक्यांना लावतो तो लाल रेड ऑक्साइड इथे पुरेसा नाही, तो पाणी झिरपू देतो. इपॉक्सी प्रायमर घ्या, दोन भाग मिसळायचा. पाणी जायची छोटी भोकं सिलला खालून असतात, ती प्रायमरनं बुजवू नका. काडी घालून मोकळी ठेवा.

रंगाच्या बाबतीत मी हात घातला नाही आणि तुम्हीही घालू नका असं म्हणेन. आजचे दोन भागांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग चांगले टिकतात, पण त्यातला हार्डनर फवाऱ्यातून छातीत जातो. त्याला साधा कापडी मास्क पुरत नाही. तरी पेंटरकडे जाण्याआधी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, आपल्याच गाडीचं पेट्रोलचं झाकण काढून रंग मिसळणाऱ्या दुकानात न्या. गाडीच्या पाटीवरचा रंगाचा कोड कारखान्यातला लाल सांगतो. पंचवीस उन्हाळे खाल्लेला लाल त्याच्या जवळपासही नसतो, तो विटकरीकडे गेलेला असतो. झाकण आधी पॉलिश करा, मग जुळवा. दोन, फेंडरची आतली बाजू आणि कडा गाडीवर चढवण्याआधीच रंगवून घ्या. एकदा बसला की तिथे ब्रशही पोचत नाही. आणि रंग मूळचाच ठेवा. गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. भंगारातला पांढरा फेंडर पांढराच ठेवून तपासणीला गेलेला माणूस पाहिला आहे, त्याला परत पाठवलं.

पण रंगाच्याही आधी फेंडर एकदा कोरा चढवून पाहायचा. रंग झाल्यावर कळलं की भोकं जुळत नाहीत, तर भोक ओढताना रंग जातो. आम्ही ब्लाउज आधी कच्च्या टाक्यानं जोडतो, अंगावर घालून पाहतो, मगच मशीनवर टीप. इथेही तेच, आणि मी, वीस वर्षं हेच करणारी बाई, इथे विसरले. पहिल्या खेपेला फेंडर ठेवला आणि वरची रांग धडाधड आवळली. दिसायला इतकं सुंदर बसलं होतं! मग दार उघडलं. दाराची पुढची कड उघडताना आत जाते, आणि फेंडरची मागची कड तिच्या वाटेत होती. कर्र असा आवाज. दाराच्या कडेचा मामंजींच्या वेळचा रंग नखाएवढा उडाला. टेप लावली होती, पण बसवायच्या वेळी ‘आता काय गरज’ म्हणून मीच काढून टाकली होती.

तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेंटरचाचांना बोलावलं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. मागे जाऊन मागच्या पत्र्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘ताई, जे हलत नाही तिथून सुरू करा लागते. हे मागचं वेल्डिंगचं आहे, हे हलनार नाही. याले पाहून दार लावा. दाराले पाहून फेंडर. फेंडरले पाहून बोनेट. लाइट न बंपर शेवटी.’ मी म्हटलं, आमच्यात खांदा आधी जुळवतात, मग बाही. ते म्हणाले, ‘मंग तुमाले तर माहीतच आहे नं.’

ही रीत अशी. सगळे बोल्ट हातानं, पान्याशिवाय, दोन-तीन आटे लावून ठेवा, एकही आवळू नका. फेंडर अजून हलायला हवा. दार बंद करा. दार आणि फेंडरमधल्या फटीत पत्ते घाला. मी इस्पिकची तेराही पानं एकावर एक घेतली, ती चार मिलिमीटरच्या आसपास भरतात, आणि आमच्या दुसऱ्या बाजूची फट तेवढीच होती. तुमच्या गाडीची फट चांगल्या बाजूला मोजा, तेवढे पत्ते घ्या. वर एक गड्डी, मधे एक, खाली एक, म्हणजे फट सरळ खालपर्यंत सारखी येते. फेंडर पत्त्यांना टेकवा आणि लपलेला मागचा बोल्ट आधी, मग सिलचा, किंचित धरतील एवढे आवळा. तळहात दारावरून फेंडरवर फिरवा, डोळे मिटून. एक पायरी लागली तर फेंडर आत किंवा बाहेर हवा आहे. बाहेर आणायचा असेल तर बोल्टपाशी दोन्ही पत्र्यांच्या मधे पातळ वॉशर घाला. मग पत्ते काढा आणि दार अगदी हळू उघडा, डोळा फटीवर ठेवून. उघडलं, काही लागलं नाही, मग बोनेट हळू खाली आणून त्याच्या कडेची फट पाहा, आणि वरची रांग मागून पुढे घेत या. शेवटची आवळणी मनगटाच्या जोरानं, कोपराच्या नाही. सहाच्या बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, जास्त दिलं की माझ्यासारखं डोकं हातात येतं. प्रत्येक बोल्टला लावताना थोडं ग्रीस चोपडा, पुढच्या खेपेला कोणाला तरी दुवा मिळेल.

बोनेट किंवा दार काढायचं असेल तर त्याचं थोडक्यात. दोन माणसं लागतातच. बोल्ट सैल करायच्या आधी बिजागरीभोवती खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसवता येईल. मी टेलरच्या खडूनं केली, आणि ती हाताच्या तेलानं पुसून गेली. न पुसणारा मार्कर घ्या. बोनेटच्या मागच्या कोपऱ्यांखाली जाड टॉवेल ठेवा, ते कोपरे घसरून काचेवर येतात. काच धुवायच्या पाण्याची नळी बोनेटला असेल तर ती आधी सोडा. परत बसवल्यावर पहिल्यांदा बोनेट आपटायचं नाही. दोन हातांनी खाली दाबा आणि कुलूप बरोबर घुसतं का पाहा, नाहीतर ते अडकून बसतं आणि उघडायला जाळी काढावी लागते. दाराला, उघडताना अडवणारी पट्टी असते, ती आधी सोडा, आणि दार खालून जॅकवर टॉवेल ठेवून तोलून धरा. दार हातात येतं तेव्हाच कळतं ते किती जड असतं.

रंग होऊन आल्यावर फेंडर पुन्हा त्याच रीतीनं चढवला. आतून खालच्या कोपऱ्यात गंजरोधक मेणाचा स्प्रे, नव्या सीलरची एक रेघ, मग लायनर, हेडलाइट, इंडिकेटर, जाळी, बंपर, चाक, बॅटरी. सगळे लाइट लावून पाहा, भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही हेडलाइटची उंची जुळवा. पाइपनं पाणी मारून काचेखालून आत पायाशी येत नाही ना बघा. नव्या रंगावर महिनाभर पॉलिश किंवा वॅक्स नको, आतला थिनर अजून उडत असतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पान्यानं तपासा. आमचा वरचा दुसरा बोल्ट सैल झाला होता, उमरेड रोडच्या खड्ड्यांवर तो टिकटिक वाजायला लागला तेव्हा लक्षात आलं.

जुना फेंडर भंगारात लगेच देऊ नका. वरचा सपाट पत्रा चांगला असतो. आमच्याचा तळहाताएवढा तुकडा चाचांनी कापून घेतला आणि ड्रायव्हर साइडच्या सिलला जिथे पेचकस आत जात होता तिथे वेल्ड केला. उरलेलं भंगारवाल्यानं नेलं, निळ्या लुंगीच्या चिंधीसकट.